क्यूएमू सोर्सवरून बिल्ड करायचंय? आधी डिपेंडन्सी नीट टाका

क्यूएमू म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), चालवणारं सॉफ्टवेअर, सोर्सवरून बिल्ड म्हणजे ते मूळ कोडवरून स्वतः बनवणं, आणि डिपेंडन्सी म्हणजे त्यासाठी लागणारी बाकीची पॅकेजं. तुम्हाला फक्त एखादी विंडोज नाहीतर दुसरी लिनक्स व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवून बघायची असेल तर सोर्सच्या नादी लागू नका, एपीटीने (डेबियन-उबुंटूचं पॅकेज टाकायचं साधन) क्यूएमू टाका, सोबत व्हर्ट-मॅनेजर (व्हीएम सांभाळायचं विंडोवालं टूल) टाका, विषय संपला. सोर्सची वेळ येते ती डिस्ट्रोमधलं (उबुंटू, डेबियन अशा तुमच्या लिनक्समधलं) व्हर्जन जुनं पडतं तेव्हा. उबुंटू २२.०४ मध्ये क्यूएमू ६.२ आहे, डेबियन १२ मध्ये ७.२, उबुंटू २४.०४ मध्ये ८.२ आणि डेबियन १३ मध्ये १०.०. ऑपरेटिंग सिस्टीम शिकताना बरीच पोरं एमआयटीचं एक्सव्ही-सिक्स (शिकण्यासाठी बनवलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टीम) घेतात, त्याची रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवाली आवृत्ती क्यूएमूवरच चालते आणि तिच्या नव्या मेकफाइलला ७.२ च्या खालचं क्यूएमू चालत नाही, मग २२.०४ वाले तिथेच अडकून बसतात. कुणाला नवा बोर्ड हवा असतो, कुणाला स्वतःचा पॅच टाकून बघायचा असतो. अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कमांड आणि पॅकेजांची नावं मी इथे सगळी देवनागरीत, फोनवर सांगतो तशी उच्चाराप्रमाणे लिहिलीयत, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाकायचं. स्पेलिंगची शंका आली तर पहिली चार-पाच अक्षरं टाकून टॅब दोनदा दाबा, उबुंटूवर एपीटीला पॅकेजांची नावं स्वतःच पूर्ण करता येतात, नाहीतर "एपीटी सर्च" करून मधला शब्द शोधा, सापडतंच. तसंही दुसऱ्याची कमांड डोळे मिटून पेस्ट करण्यापेक्षा नाव एकदा हाताने टाईप केलं की ते पॅकेज कशासाठी आहे हे डोक्यात राहतं.

आता मुद्द्याचं. डिपेंडन्सी नाही म्हणून बिल्ड फुटलं तर ते खरं तर बरं असतं, निदान कळतं तरी. क्यूएमूच्या बाबतीत खरा त्रास वेगळा आहे. याला सक्तीच्या लायब्ररी अगदी मोजक्या लागतात, बाकी बऱ्याच गोष्टी ऑप्शनल आहेत, आणि ऑप्शनल गोष्ट मिळाली नाही तर कॉन्फिगर (बिल्डच्या आधी सिस्टीमवर काय काय आहे ते तपासणारी स्क्रिप्ट) काहीच कुरकुर न करता ती बंद करून पुढे जातं. बिल्ड होतं, इन्स्टॉल होतं, तुम्ही खूश होता, आणि मग व्हीएम चालू केल्यावर कळतं की नेटच नाही, विंडोच उघडत नाही, आवाजच येत नाही. मग लोक नेटवर्कच्या सेटिंगमध्ये रात्र घालवतात आणि दोष असतो एका न टाकलेल्या डेव्ह पॅकेजचा, म्हणजे लायब्ररीचं बिल्डला लागणारं सामान ज्यात असतं त्या पॅकेजचा. म्हणून कॉन्फिगर एरर न देता संपलं एवढ्यावर कधीही विश्वास ठेवायचा नाही.

आधी हत्यारं

क्यूएमूमध्ये ५.२ पासून, म्हणजे डिसेंबर २०२० पासून, बिल्ड मेसन आणि निंजा या दोन बिल्ड टूलवर चालतं. वरून अजून तेच जुनं कॉन्फिगर आणि मेक दिसतं पण आत सगळं काम मेसन करतो. मेसन वेगळा टाकायची गरज नाही, पुरेसा नवा सिस्टीमवर नसेल तर क्यूएमू स्वतःच्या सोर्ससोबत आणलेला वापरतं, त्यामुळे २२.०४ मधला जुना मेसन बघून घाबरू नका आणि पिपने सिस्टीमवर नवा चढवायला तर अजिबात जाऊ नका. निंजा मात्र लागतो.

सुडो एपीटी अपडेट

सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल गिट निंजा-बिल्ड पीकेजी-कॉन्फिग पायथन३-व्हेन्व पायथन३-टोमली फ्लेक्स बायसन

यात दोन नावं अशी आहेत जी जुन्या गाइडमध्ये मिळणार नाहीत, पायथनवाली. क्यूएमू ८.१ पासून कॉन्फिगर चालू झालं की आधी बिल्ड फोल्डरच्या आत स्वतःपुरतं एक पायथन व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट तयार करतं. डेबियन आणि उबुंटूने त्यासाठी लागणारं एन्शुअर-पिप हे मोड्यूल मूळ पायथनमधून काढून पायथन३-व्हेन्व या वेगळ्या पॅकेजात ठेवलंय, त्यामुळे ते नसलं तर कॉन्फिगर पहिल्याच पायरीवर पडतं. एरर तशी भली आहे, डेबियनमध्ये हे व्हेन्वच्या पॅकेजात असतं असं ती स्वतःच सांगते, पण लोक एरर वाचत नाहीत, सरळ सर्चमध्ये टाकतात. दुसरं टोमली. पायथन ३.११ पासून टॉमल फाइल वाचायची सोय पायथनमध्येच आली, उबुंटू २२.०४ वर पायथन ३.१० आहे, म्हणून तिथे टोमली वेगळं टाकावं लागतं नाहीतर "फाउंड नो युजेबल टोमली" असं म्हणून कॉन्फिगर थांबतं. २४.०४ किंवा डेबियन १२ वर असाल तर त्याची गरज नाही, टाकलं तरी बिघडत काही नाही. फ्लेक्स आणि बायसन काही थोड्या टार्गेटनाच (टार्गेट म्हणजे क्यूएमू ज्या प्रोसेसरची नक्कल करतं तो) लागतात पण लहान पॅकेजं आहेत, टाकून मोकळं व्हायचं.

सोपा रस्ता, बिल्ड-डेप

डेबियन घराण्यात एक छान सोय आहे, डिस्ट्रोवाल्यांनी त्यांचं क्यूएमू पॅकेज बनवताना जे जे वापरलं ते सगळं एका झटक्यात टाकता येतं.

सुडो एपीटी बिल्ड-डेप --आर्च-ओन्ली क्यूएमू

बहुतेकांना यावर पहिलंच उत्तर मिळतं ते म्हणजे सोर्सेस लिस्टमध्ये डेब-एसआरसी ओळी टाका. कारण सोर्स रिपॉझिटरी डीफॉल्टला बंद असतात. २२.०४ पर्यंत ईटीसी एपीटी खालच्या सोर्सेस डॉट लिस्ट फाइलमध्ये डेब-एसआरसीच्या ओळी हॅश लावून ठेवलेल्या असायच्या, तो हॅश काढला की झालं. २४.०४ पासून उबुंटूने फॉरमॅट बदललाय, आता फाइल आहे सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी फोल्डरमधली उबुंटू डॉट सोर्सेस, आणि तिथे ओळीला हॅश वगैरे नसतो, "टाइप्स: डेब" अशी ओळ असते ती "टाइप्स: डेब डेब-एसआरसी" अशी करायची, मधे फक्त स्पेस, स्वल्पविराम नाही. फाइलमध्ये असे दोन भाग असतात, एक नेहमीचा आणि एक सिक्युरिटीचा, दोन्हीकडे करा. मग परत एपीटी अपडेट आणि मग वरची कमांड.

त्या कमांडमधलं आर्च-ओन्ली विसरू नका हां. ते नाही दिलं तर एपीटी क्यूएमूसोबत येणारी फर्मवेअर बनवायला लागणारे क्रॉस-कंपायलरसुद्धा खेचतं, पॉवरपीसीचा, स्पार्कचा, एआरएमचा, लग्नाला एकाला बोलवावं आणि त्याने अख्खी चाळ घेऊन यावं तसं. तुम्हाला फर्मवेअर बनवायची नाहीये, ती सोर्समध्ये पीसी-बायोस फोल्डरात तयार मिळते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर या एका ऑप्शनने डेटा चांगलाच वाचतो.

तरी बिल्ड-डेपची एक मर्यादा लक्षात ठेवा. ती यादी तुमच्या डिस्ट्रोमधल्या जुन्या क्यूएमूची असते, तुम्ही बिल्ड करताय त्या नव्याची नाही. २२.०४ वर ती ६.२ साठीची यादी आहे, तिला टोमली माहीतच नाही. म्हणून बिल्ड-डेप झाल्यावर वरची हत्यारांची ओळ आणि खालच्या यादीतलं तुम्हाला हवं ते पुन्हा एकदा हाताने टाकून बघायचं, असेल तर एपीटी सांगेल की आधीच आहे.

हाताने टाकायचं असेल तर

मला व्यक्तिशः हा रस्ता जास्त पटतो. बिल्ड-डेपने शेकडो पॅकेजं येतात त्यातली निम्मी सेफ क्लस्टर, आयस्कझी आणि कुठल्या कुठल्या स्टोरेजची असतात, लॅपटॉपवर त्यांचं काय करायचंय.

सक्तीचं म्हणाल तर एवढंच: लिब-ग्लिब-टू-पॉइंट-झिरो-डेव्ह आणि झेड-लिब-वन-जी-डेव्ह. लिब-पिक्समन-वन-डेव्ह पूर्वी सक्तीचं होतं, आता नसलं तरी चालतं म्हणतात पण ग्राफिकल काहीही हवं असेल तर टाकाच. आणि लिब-एफडीटी-डेव्ह, ते एआरएम, रिस्क-फाइव्ह आणि पॉवरपीसी टार्गेटना लागतं कारण त्या मशीनना डिव्हाइस ट्री (कुठलं हार्डवेअर आहे त्याची यादी) द्यावा लागतो. एक्सव्ही-सिक्सवाल्यांनी हे शेवटचं पॅकेज धरूनच चालायचं.

यानंतर येतं लिब-स्लर्प-डेव्ह, आणि सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. व्हीएमला काहीही सेटिंग न करता नेट मिळतं, गेस्टला (व्हीएमच्या आतल्या सिस्टीमला) आतून १०.०.२.१५ असा पत्ता आणि गेटवे १०.०.२.२ दिसतो, ते सगळं स्लर्प करतो. पूर्वी स्लर्पचा कोड क्यूएमूच्या सोर्समध्येच असायचा त्यामुळे कुणाला वेगळा टाकावा लागत नव्हता. ७.२ मध्ये, डिसेंबर २०२२ ला, तो काढून टाकला आणि म्हणाले सिस्टीमवरची लायब्ररी वापरा. जुन्या गाइडमध्ये हे नाव नसायचं कारण हेच. आता ते पॅकेज नसलं की बिल्ड छान होतं आणि नेटडेव्ह यूजर दिल्यावर क्यूएमू सांगतं की यूजर नावाचा नेटवर्क बॅकएंड या बायनरीत कंपाइलच केलेला नाही. त्याहून वाईट म्हणजे नेटवर्कचा कुठलाच ऑप्शन दिला नसेल तर एररही येत नाही, फक्त गेस्टमध्ये नेट नसतं.

डिस्प्लेसाठी लिब-जीटीके-थ्री-डेव्ह नाहीतर लिब-एसडीएल-टू-डेव्ह, दोन्हीपैकी एक पुरे, मी जीटीके घेतो कारण त्यात मेनू मिळतो, झूम वगैरे करता येतं, सोबत लिब-व्हीटीई-टू-पॉइंट-नाइन्टीवन-डेव्ह टाकलं तर सिरियल आणि मॉनिटर वेगळ्या टॅबमध्ये नीट टर्मिनलसारखे दिसतात. दोन्हीपैकी काहीच नसलं तर काय होतं ते बघितलं असेल बऱ्याच जणांनी, विंडो उघडतच नाही आणि टर्मिनलवर एक ओळ येते की व्हीएनसी सर्व्हर १२७.०.०.१:५९०० वर चालू आहे. माणूस बसतो वाट बघत विंडोची. सर्व्हरवर बिल्ड करत असाल, स्क्रीनच नसेल, तर मात्र हे दोन्ही मुद्दाम टाळा, जीटीके आपल्यासोबत अख्खं ग्राफिक्सचं सामान आणतं.

आवाज हवा असेल तर लिब-पल्स-डेव्ह किंवा नव्या सिस्टीमवर लिब-पाइपवायर-झिरो-पॉइंट-थ्री-डेव्ह. यूएसबी डिव्हाइस गेस्टला द्यायचं असेल तर लिब-यूएसबी-वन-पॉइंट-झिरो-झिरो-डेव्ह, नाव बघून टाका, लिब-यूएसबी-डेव्ह नावाचं जुनं पॅकेजही आहे ते नाही. होस्टचं, म्हणजे तुमच्या मूळ मशीनचं, फोल्डर गेस्टमध्ये शेअर करायचं असेल तर लिब-एटीटीआर-वन-डेव्ह आणि लिब-कॅप-एनजी-डेव्ह. डिस्कचा वेग हवा असेल तर लिब-यूरिंग-डेव्ह. थ्रीडी हवं असेल तर लिब-व्हर्गल-रेंडरर-डेव्ह, लिब-एपॉक्सी-डेव्ह आणि लिब-जीबीएम-डेव्ह ही तिन्ही. स्पाइस वापरत असाल तर लिब-स्पाइस-सर्व्हर-डेव्ह. कॅप्स्टोन फक्त डिसअसेम्ब्ली बघणाऱ्यांसाठी. रस्टचं नाव कॉन्फिगरमध्ये दिसलं तर दचकू नका, ते डीफॉल्टला बंद आहे आणि साध्या वापराला रस्ट कंपायलर लागत नाही.

एक गैरसमज फार पसरलाय, की केव्हीएमसाठी (व्हीएम प्रोसेसरवर थेट, वेगाने चालवणारी कर्नलमधली सोय) लिनक्स-हेडर्सचं पॅकेज लागतं. नाही लागत. केव्हीएम कर्नलच्या आत २००७ पासून, २.६.२० व्हर्जनपासून आहे, आणि त्याच्याशी बोलायला क्यूएमूला ज्या हेडर फाइल्स लागतात त्या त्याच्याच सोर्समध्ये लिनक्स-हेडर्स नावाच्या फोल्डरात ठेवलेल्या असतात. कर्नलची हेडर्स लागतात ती व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरला, कारण ते स्वतःचं मोड्यूल कर्नलमध्ये घालतं आणि कर्नल बदलला की ते परत बिल्ड करावं लागतं. केव्हीएमसाठी तुम्ही बघायचं ते एवढंच, की डेव्ह फोल्डरमध्ये केव्हीएम नावाची फाइल आहे का, आणि तुमचा यूजर केव्हीएम ग्रुपमध्ये आहे का. फाइलच नसेल तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असतं, इंटेलवर व्हीटी-एक्स आणि एएमडीवर एसव्हीएम या नावाने. ग्रुपमध्ये घातल्यावर लॉगआउट करून परत लॉगिन करा, नुसतं टर्मिनल बंद-चालू करून चालत नाही.

सोर्स आणि कॉन्फिगर

रिलीजचा टारबॉल घ्या, गिट नको, जर तुम्हाला कालचा कमिटच हवा नसेल तर. टारबॉल शंभर एमबीच्या वर असतो पण त्यात सबप्रोजेक्ट सगळे आत असतात. गिटवरून घेतलं तर कॉन्फिगर मधेच नेटवरून एकेक सबप्रोजेक्ट आणायला जातं आणि ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या प्रॉक्सीमागे असाल तर तिथेच लटकतं. गिटच घ्यायचं असेल तर डेप्थ १ देऊन क्लोन करा, अख्खा इतिहास घेऊन काही उपयोग नाही.

उघडल्यावर आत एक वेगळं बिल्ड फोल्डर करा आणि त्यात जाऊन कॉन्फिगर चालवा. सुडो लावू नका, कॉन्फिगरला नाही आणि मेकलाही नाही, नाहीतर फाइल्स रूटच्या नावे होतात आणि पुढच्या वेळी परमिशनची रड सुरू होते.

एमकेडीर बिल्ड

सीडी बिल्ड

../कॉन्फिगर --टार्गेट-लिस्ट=एक्स८६_६४-सॉफ्टएमएमयू --एनेबल-केव्हीएम --एनेबल-स्लर्प --एनेबल-जीटीके --डिसेबल-डॉक्स

रिस्क-फाइव्ह हवं असेल तर टार्गेट-लिस्टमध्ये रिस्कव्ही६४-सॉफ्टएमएमयू लिहा, दोन्ही हवे असतील तर मधे स्वल्पविराम, स्पेस नाही. टार्गेट-लिस्ट दिलीच नाही तर क्यूएमू जगातली झाडून सगळी प्रोसेसर आर्किटेक्चर बिल्ड करायला घेतं, जुन्या लॅपटॉपवर तेव्हा जेवून या, झोपून या. डिसेबल-डॉक्स दिलं की स्फिंक्स आणि त्याची थीम टाकायची कटकट वाचते.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, एनेबलवाले ऑप्शन. काहीच लिहिलं नाही तर त्या फीचरचा अर्थ होतो "मिळालं तर घे, नाहीतर सोड". तुम्ही एनेबल-स्लर्प असं स्पष्ट लिहिलं की अर्थ होतो "मिळालंच पाहिजे", आणि लायब्ररी नसेल तर कॉन्फिगर तिथेच थांबतं आणि सांगतं की डिपेंडन्सी स्लर्प सापडली नाही, पीकेजी-कॉन्फिगने शोधली. म्हणजे जी गोष्ट आठवड्याने गेस्टमध्ये कळली असती ती दोन मिनिटांत कळते. तुम्हाला व्हीएमकडून काय काय हवंय ते आधी ठरवा आणि त्या प्रत्येकासाठी एनेबल लिहा, बाकीचं पडू दे ऑटोवर. उलट्या टोकाचेही लोक आहेत, विदाउट-डीफॉल्ट-फीचर्स देऊन सगळं बंद करतात आणि मग एकेक चालू करतात, सर्व्हरसाठी ते चांगलं आहे पण पहिल्यांदा करत असाल तर नको, काय काय लागतं ते माहीत नसताना अर्धा दिवस जातो.

कॉन्फिगर संपलं की शेवटी एक लांबलचक तक्ता छापतं, तो फाइलमध्ये साठवायला "टी" कमांडला पाइप करा आणि निवांत वाचा. यूजर इंटरफेस, ऑडिओ बॅकएंड्स, नेटवर्क बॅकएंड्स, ब्लॉक लेयर असे भाग असतात आणि प्रत्येक ओळीपुढे येस नाहीतर नो, लायब्ररीवाल्या ओळीपुढे येससोबत तिचं व्हर्जन. भरपूर नो दिसतील, त्याने घाबरायचं नाही, झेन सपोर्ट नो, सेफ नो, मॅकचं कोको नो, असं असणारच. तुम्ही ठरवलेल्या पाच-सात गोष्टींपुढे येस आहे ना, एवढंच बघायचं.

एरर आली तर नाव कसं शोधायचं

एरर बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते, डिपेंडन्सी अमुक सापडली नाही. ते अमुक म्हणजे पॅकेजचं नाव नसतं हे समजून घ्या. पीकेजी-कॉन्फिग त्या नावाची डॉट पीसी फाइल शोधत असतं, साधी टेक्स्ट फाइल, तिच्यात लायब्ररी कुठे आहे आणि कुठलं व्हर्जन आहे ते लिहिलेलं असतं. ती फाइल डेव्ह पॅकेजमधून येते. म्हणूनच "माझ्याकडे ग्लिब आहे की, सगळं जीनोम त्यावरच चालतंय" हे म्हणणं खरं असूनही बिल्ड होत नाही, चालवायला लागणारी लायब्ररी वेगळ्या पॅकेजात आणि बिल्डला लागणारी हेडर्स वेगळ्या पॅकेजात अशी डेबियनची पद्धत आहे.

मग पॅकेज शोधायला एपीटी-फाइल टाका, एकदा "सुडो एपीटी-फाइल अपडेट" करा, आणि मग

एपीटी-फाइल सर्च स्लर्प.पीसी

उत्तरात सरळ पॅकेजचं नाव येतं. अंदाजाने दहा पॅकेजं टाकत बसण्यापेक्षा हे कधीही बरं, आणि हे क्यूएमूपुरतं नाही, लिबव्हर्ट (व्हर्ट-मॅनेजरच्या मागे व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर) असो की दुसरं काही, मेसन किंवा ऑटोकॉन्फवालं कुठलंही बिल्ड असलं तरी हाच उपाय चालतो. हेडर फाइल सापडत नाही अशी एरर असेल तर डॉट पीसीऐवजी त्या हेडरचं नाव शोधा. पॅकेज टाकल्यावर "पीकेजी-कॉन्फिग --मॉडव्हर्जन स्लर्प" करून बघा, आकडा आला की समजायचं सापडलं.

टाकूनही सापडत नसेल तर दोन संशयित. एक, जुनं बिल्ड फोल्डर. नवीन लायब्ररी टाकली की ते फोल्डर उडवा आणि कॉन्फिगर पहिल्यापासून चालवा, आत काय जुनं राहिलंय याचा शोध घेत बसायला वेळ कुणाला आहे. दुसरा संशयित अॅनाकोंडा. डेटा सायन्सवाल्यांच्या मशीनवर टर्मिनल उघडलं की बेस एन्व्हायर्नमेंट आपोआप चालू असतं, मग पायथनही त्याचा आणि पीकेजी-कॉन्फिग टाकलेलं असेल तर तेही त्याचंच, आणि ते सिस्टीमच्या फोल्डरात बघतच नाही. "व्हिच पीकेजी-कॉन्फिग" करा, उत्तर यूएसआर बिन सोडून दुसरं काही आलं तर "कोंडा डीअॅक्टिव्हेट" करून परत सुरुवात करा. तरीही कळत नसेल तर बिल्ड फोल्डरात मेसन-लॉग्ज नावाचं फोल्डर आहे, त्यातली मेसन-लॉग फाइल शेवटाकडून वर वाचत जा, कुठली कमांड चालवली आणि ती काय म्हणाली ते सगळं तिथे असतं.

बिल्ड आणि तपासणी

मेक -जे४

नेटवर सगळीकडे जे पुढे एनप्रॉक लिहिलेलं असतं, म्हणजे जितके कोर तितकी कामं. १६ जीबी रॅम असेल तर खुशाल करा. ४ किंवा ८ जीबी असेल आणि बाजूला ब्राउझर उघडा असेल तर जे२ किंवा जे४ च बरं, नाहीतर मशीन स्वॅपमध्ये जाऊन बसतं आणि कधी कंपायलरची प्रोसेस कर्नलच मारून टाकतो, एररमध्ये फक्त "किल्ड" दिसतं आणि माणूस डिपेंडन्सी शोधत बसतो.

इन्स्टॉल करायची घाई करू नका. बायनरी बिल्ड फोल्डरातूनच चालते, तिथेच तपासा. क्यूएमू-सिस्टीम-एक्स८६_६४ ला "-अॅक्सेल हेल्प" द्या, यादीत केव्हीएम दिसायला हवं. "-नेटडेव्ह हेल्प" द्या, यादीत यूजर दिसलं की स्लर्प आत आहे. "-डिस्प्ले हेल्प" मध्ये जीटीके, "-ऑडिओडेव्ह हेल्प" मध्ये पल्स किंवा पाइपवायर. या चार कमांडना मिळून मिनिटही लागत नाही.

सगळं बरोबर असेल तर "सुडो मेक इन्स्टॉल". ते यूएसआर लोकलमध्ये जातं, डिस्ट्रोचं क्यूएमू यूएसआर बिनमध्ये जसंच्या तसं राहतं, दोघांचं भांडण होत नाही. टर्मिनलमध्ये नाव टाकलं की नवं चालतं कारण पाथमध्ये लोकल आधी येतं, त्याच टर्मिनलमध्ये अजून जुनंच चालत असेल तर "हॅश -आर" करा. व्हर्ट-मॅनेजरमधल्या व्हीएम मात्र जुन्याच क्यूएमूवर चालत राहतात, कारण लिबव्हर्ट प्रत्येक मशीनच्या एक्सएमएलमध्ये एम्युलेटरचा पूर्ण पाथ लिहून ठेवतं, तिथे नवा पाथ स्वतः लिहावा लागतो. उबुंटूवर तेवढं करूनही सुरक्षेसाठी असलेला अॅपआर्मर आडवा येऊ शकतो, म्हणून ज्यांना फक्त कमांड लाइनवर काम करायचंय त्यांनी लिबव्हर्टच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

फेडोरावाल्यांचं काम सोपं आहे, "सुडो डीएनएफ बिल्डडेप क्यूएमू", आणि एकेक हवं असेल तर डीएनएफला थेट पीसी नावाने मागता येतं, इन्स्टॉलपुढे अवतरणात पीकेजीकॉन्फिग आणि कंसात स्लर्प असं लिहिलं की ते स्वतःच पॅकेज शोधतं, एपीटी-फाइलची गरजच नाही. डेव्हच्या जागी तिथे नावाला डेव्हल लागतं. ओपनसुसेवर "झिपर सोर्स-इन्स्टॉल -डी क्यूएमू". आर्चवर हेडर्स वेगळी काढलेलीच नसतात, बेस-डेव्हल, निंजा आणि लायब्ररी टाकली की काम झालं.

काम झाल्यावर हे सगळं सामान काढायचं असेल तर एक अडचण आहे, बिल्ड-डेपने आलेली पॅकेजं तुम्ही स्वतः मागितली अशी नोंद होते, त्यामुळे ऑटोरिमूव्ह त्यांना हात लावत नाही. म्हणून ज्याला नंतर साफसफाई करायचीय त्याने सुरुवातीलाच बिल्ड-डेपऐवजी डेव्हस्क्रिप्ट्स आणि इक्विव्ह्ज टाकून "एमके-बिल्ड-डेप्स --इन्स्टॉल --रिमूव्ह क्यूएमू" वापरावं, हेही सुडोनेच, आणि डेब-एसआरसी इथेही चालू हवं. ते क्यूएमू-बिल्ड-डेप्स नावाचं एक रिकामं पॅकेज बनवतं आणि बाकी सगळं त्याच्या आधारावर आणतं. नंतर "सुडो एपीटी पर्ज --ऑटोरिमूव्ह क्यूएमू-बिल्ड-डेप्स" केलं की सगळं एकदम जातं. फक्त यात चालवायला लागणाऱ्या लायब्ररीही जाऊ शकतात, म्हणजे तुमचं ताजं क्यूएमू उघडल्यावर स्लर्पची डॉट एसओ फाइल नाही म्हणेल. त्यासाठी पर्जच्या आधी बायनरीवर "एलडीडी" चालवा, कुठल्या लायब्ररी दिसतायत ते बघा, आणि लिब-स्लर्प-झिरोसारखी त्यांची बिनडेव्हवाली पॅकेजं "सुडो एपीटी-मार्क मॅन्युअल" करून ठेवा, मग खुशाल पर्ज करा.